सोडत

थंडर बे. फेब्रुवारी. सरोवराचा पार दगड झालेला.
ग्रंथालयाच्या तळघरात बारा खुर्च्या, गोलात,
आणि कॉफीच्या थर्मासवर चिकटवलेली चिठ्ठी :
साखर संपली, माफ करा.

मायर्ना टेबलावर काचेचं भांडं ठेवते.
यात आधी मासा होता, म्हणते, त्याचं नाव बिशप.
आता पाचशे चिठ्ठ्या.
निम्म्यांवर नुसतंच 'शाब्बास'.
दोनशे नऊ चिठ्ठ्यांवर साबण, मोजे, बसचं तिकीट.
चाळीसांवर जरा बरं काहीतरी.
एकीवर टीव्ही.

ज्याची लघवी स्वच्छ, त्यानं हात घालायचा.
आणखी आठवडा स्वच्छ, तर आणखी चिठ्ठ्या.
चुकला, तर परत एकीपासून.
सोडण्यासाठी सोडत.
पडद्यावर आलेख चढत जातो :
कोकेनवाले टिकतात, मेथवाले टिकतात,
बारा आठवडे तरी.
मागून कुणीतरी विचारतं, आणि तेराव्याला?
मायर्ना चष्मा पुसते.
तेराव्याबद्दल अजून भांडणं चालू आहेत.

मी वहीत उतरवून घेते. माझी वही नीटस आहे.
बावीस वर्षं रात्रपाळीला मी शिरा शोधल्या,
ज्या सापडत नव्हत्या त्यासुद्धा,
घोट्यात, अंगठ्याच्या बेचक्यात.
शीर मिळाली की माझं काम संपायचं.

मग भांडं फिरवतात. एकेक काढा,
कसं वाटतं ते कळू दे.
मला 'शाब्बास' आली.
खरं सांगते, राग आला. एवढंच?
आणि माझा हात
मला न विचारता पुन्हा आत.

राइमो लेह्तोलानं हात काखेत दाबून धरले.
तो इथं तासावर येतो, पेशंट व्हायला.
आयुष्य धान्याच्या कोठारात गेलं,
मशीनला शिवला नाही त्याला नऊ वर्षं झाली,
आणि घरावर पाणी सोडल्याची गोष्ट तो
बसचं वेळापत्रक वाचावं तशी सांगतो.
मी नाही, म्हणाला.
अरे साबणच आहे, राइमो.
तिथंसुद्धा पंचवीस सेंटच असायचे, मायर्ना.

पाइपात वाफ ठोकत राहिली.
मग त्यानं जे सांगितलं ते त्याच्या कागदावर नव्हतं.
बाहेर उणे तीस. ट्रक चालूच ठेवायचो,
बंद केला तर इंजिन धरतं.
अर्धी टाकी झाली की निघायचं, असा करार.
करार माझाच माझ्याशी.
एका रात्री टाकी कोरडी. मागच्या सीटवर कुत्रा.
सकाळी कुणीतरी काच फोडून काढला त्याला.
जगला.
मला बघून शेपटी हलवली हो त्यानं.
तेवढं सोडून बाकी सगळं मी सांगू शकतो.

आता माझी पाळी. पान एकेचाळीस :
सल्ला देऊ नका, ऐकलेलं परत करा.
सगळे माझ्याकडे बघतात, पेन्सिली तयार.
मी तोंड उघडते, आणि निघतं :
नाव काय होतं त्याचं?

पुल्ला, तो म्हणतो.
गोड पावासारखा. रंग तसाच.
आणि हात काखेतून बाहेर काढून
केवढा होता ते दाखवतो.

मायर्नानं भांडं उचलून खिडकीत ठेवलं.
जुगाऱ्याला हे चालतं का, तिनंच स्वतःला विचारलं.
थोडे अभ्यास आहेत. थोडेच.
मला माहीत नाही.
फळ्यावर काहीच लिहिलं नाही तिनं.
माझ्या गुणपत्रिकेवर मात्र लिहिलं :
तंत्र चुकलं. पुढं चालू ठेव.

पार्किंगमध्ये राइमोचा ट्रक विजेच्या वायरीला जोडलेला,
इंजिनाला ऊब देत.
त्यानं वायर हळूच गुंडाळली, कोपरावरून, लोकरीसारखी.

घरी कोटाच्या खिशात दुसरी चिठ्ठी सापडली.
साबण असेल. टीव्ही असेल.
ड्रॉवरमध्ये टाकलीय, घडी न मोडता.
आज अकरावा दिवस.
ड्रॉवर रोज उघडते.